तेवीसचं ॲव्हरेज

भालचंद्र देवस्थळी हे नाव दिल्लीत आर. के. पुरमच्या त्यांच्या सेक्टरात कुणाच्याच जिभेवर नीट बसलं नाही. कुणी देवस्थली म्हणे, कुणी देवथाली. शेवटी कंटाळून सगळ्यांनी त्यांना 'ॲव्हरेजवाले साहब' करून टाकलं. नाव चिडवायला ठेवलेलं होतं, पण ज्याला चिडवायचं तोच खूश झाला तर चिडवणाऱ्याने काय करावं? मंत्रालयात जन्मभर फायली पुढे ढकलून जी बढती मिळाली नाही ती ह्यांना पार्किंगमधल्या लोकांनी दिली, असं विजयालक्ष्मी हसत हसत सांगायची.

काटकसर मराठी घरांना नवी नाही. पण भालचंद्रांची काटकसर म्हणजे व्रत होतं, आणि व्रत एकाचं असलं तरी उपास सगळ्या घराला घडायचा. पाण्याच्या फिल्टरची वाया जाणारी नळी बादलीत सोडलेली, त्या पाण्याने फरशी पुसायची. जुन्या पडद्यांच्या भाजीच्या पिशव्या. कुकरची दुसरी शिट्टी झाली की गॅस बंद, पुढचं काम वाफेने करायचं. मे महिन्यात दिल्लीत डांबर पायाला चिकटत असताना एसी सव्वीसवर आणि वर पंखा. "सव्विसाच्या खाली जाईल तो माझा मुलगा नाही," असं ते म्हणायचे, आणि त्यांचा मुलगा अनुराग तेवढ्याच इमानाने रिमोट उचलून बाविसावर न्यायचा. सरकारी क्वार्टरच्या त्या दोन खोल्यांत बापलेकांचं हे महाभारत वर्षानुवर्षं चाललं होतं.

खरा जीव मात्र गाडीत होता. पांढरी, लहानशी, पेट्रोलवर चालणारी गाडी. दर सोमवारी टायरमधली हवा तपासायची. डिकीत एक छत्रीसुद्धा ठेवायची नाही, उगाच वजन कशाला वाहायचं. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा, गाडी आपल्या अंगच्या वेगाने तिथवर जाते. आणि सिग्नलला थांबलं की इंजिन बंद. दिल्लीत, जिथे दिवा हिरवा व्हायच्या आत मागचे पंचवीस हॉर्न वाजतात, तिथे हा माणूस शांतपणे किल्ली फिरवून बसायचा. मागचे काय काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. "त्यांना बोलू दे," भालचंद्र म्हणायचे. "हवा सगळ्यांची आहे ना, म्हणून ती कुणाचीच नाही. आपण आपल्यापुरतं बघायचं. पैसाही वाचतो, फुप्फुसंही वाचतात."

विजयालक्ष्मीला गाडी त्यांनीच शिकवली होती. "पेडलखाली भाजलेला पापड ठेवलाय असं समज," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. "पाय ठेवायचा, पण पापड मोडता कामा नये." तिने लायसन्स काढलं, सेक्टरच्या फाटकाला गाडीचा कान, म्हणजे बाजूचा आरसा, घासला, आणि मग पापड भाजणंच आपल्याला जास्त जमतं असं जाहीर करून किल्ली परत दिली. त्यानंतर ती शेजारच्या सीटवर बसली ती बसलीच.

टाकी भरण्याचा तर एक विधीच होता. टाकी नेहमी फुल्ल करायची. अर्धीमुर्धी भरून हिशेब लागत नाही. गाडीच्या वेगाच्या काट्याखाली एक लहानशी पाटी होती, तिच्यावर लिटरमागे किती किलोमीटर पडले ते उमटायचं. पेट्रोल भरून झालं की गाडीत जो कोणी असेल त्याने आधीच्या टाकीचा आकडा मोठ्याने वाचायचा, निकाल वाचावा तसा. मग भालचंद्र खालचं बटण दाबून धरायचे, आकडा शून्य व्हायचा, आणि ते म्हणायचे, "श्रीगणेशा." पुढची टाकी, पुढचा डाव. कधी एकवीस यायचे, कधी बावीस. शहरात, दिल्लीच्या रहदारीत, एका टाकीत तेवीस पाडून दाखवायचे ही त्यांची एकच महत्त्वाकांक्षा होती. लोक परदेश दौऱ्याची स्वप्नं बघतात, हा माणूस तेविसाची बघायचा.

आणि ह्या सगळ्याचं पुढे काय व्हायचं, तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी ते म्हणायचे, "चला, वाचलेलं पेट्रोल जाळून येऊ." मग दोघं शांतिपथावर जायची. रुंद, सरळ, झाडांचा रस्ता, दोन्ही बाजूला परक्या देशांच्या वकिलाती. गाडी चौथ्या गिअरमध्ये पाण्यावरच्या पानासारखी जायची. नेहरू पार्कशी थांबून कणीस खायचं, त्यावर लिंबू जास्त पिळून घ्यायचं, आणि परत. "खर्चाचं पेट्रोल ऑफिसला जाण्यायेण्याचं," ते म्हणायचे. "हे वाचलेलं, ते आपलं." त्यांना कंजूस म्हणणाऱ्यांना ही गोष्ट कधी कळली नाही. विजयालक्ष्मीनेही ती कुणाला सांगितली नाही. काही गोष्टी चारचौघांत काढल्या की त्यांची चव जाते.

अनुरागला मात्र बापाचा हा छंद लहानपणापासून डाचायचा. शाळेच्या रस्त्यावर दर सिग्नलला गाडी बंद, आणि शेजारच्या गाडीत वर्गातली मुलं खिदळतायत. तो शाळेच्या आधीच्या वळणावर उतरून पायी जायचा. मोठा झाला, गुरुग्रामला नोकरीला लागला, लग्न झालं, अठराव्या मजल्यावर राहायला गेला आणि भलीमोठी गाडी घेतली. भालचंद्रांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "देते किती?" अनुराग म्हणाला, "बाबा, यार, इतक्या पैशांची गाडी घेतल्यावर कोणी ॲव्हरेज पूछता है क्या?"  घरी आल्यावर भालचंद्रांनी फक्त बादलीतलं पाणी कुंड्यांना घातलं, जरा जास्तच घातलं.

गेल्या वर्षी नोव्हेंबर सरता सरता एका रविवारी सकाळी अनुराग पोह्यांना आला होता. भालचंद्र फार आनंदात होते. त्या टाकीचा आकडा साडेबाविसाच्या वर गेला होता आणि टाकी अजून अर्धी शिल्लक होती. "ह्या खेपेला तेवीस," ते दारातूनच म्हणाले. पोह्यांची बशी हातात घेतली आणि ती खाली ठेवायच्या आतच त्यांचा चेहरा पांढरा पडला. छातीत कळ गेली होती. अनुरागची भलीमोठी गाडी दुसऱ्या गाड्यांच्या मागे अडकलेली होती, पांढरी समोर होती. त्यांना मागच्या सीटवर निजवलं, डोकं विजयालक्ष्मीच्या मांडीवर. अनुरागने गाडी अशी काढली की आयुष्यात त्या गाडीने तसा आवाज केला नव्हता.

मोतीबागेच्या आसपास सिग्नल लाल होता, समोर बस आडवी, जायला वाट नव्हती. अनुराग हॉर्न वाजवत होता, इंजिन गुरगुरत होतं. तेव्हा मांडीवरून भालचंद्रांचा आवाज आला, बारीक, पण अगदी स्पष्ट. "अनुराग, लाल आहे ना. बंद कर रे."

"बाबा, प्लीज! चूप बसा ना आता!" अनुराग ओरडला.

ते चूप बसले. दिवा हिरवा झाला, बस हलली, हॉस्पिटल आलं, स्ट्रेचर आलं, आणि डॉक्टरांनी दोघांना बाहेर थांबायला सांगितलं. पण विजयालक्ष्मीला ते आधीच कळलं होतं. मांडीवरचं डोकं जड झालं होतं.

तेराव्यानंतर माणसं पांगली. अनुरागने आईला गुरुग्रामला चल म्हणून खूप विनवलं. ती म्हणाली, क्वार्टर सोडायची मुदत येईल तेव्हा येईन, तोवर इथेच राहू दे. एका दुपारी ती गाडीत मागे राहिलेली शाल आणायला खाली गेली. शाल घेतली, आणि काय वाटलं कोण जाणे, पुढच्या सीटवर बसून किल्ली अर्धी फिरवली. पाटी उजळली. बावीस पॉइंट एक.

तिला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग लागला. साडेबाविसाच्या वरचा आकडा त्या हॉस्पिटलच्या धावेने खाली आणला होता. पण बाकीचा, तो सगळा आकडा, ह्यांच्या पायाचा होता. ह्यांनी भरलेली टाकी, ह्यांनी दाबलेला शून्य, ह्यांचा श्रीगणेशा. कपडे दिले होते, चष्मा कपाटात गेला होता, उशीचा वास धुतला गेला होता. आणि इथे ह्यांचा पाय अजून चालू होता. विजयालक्ष्मी स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडली. घरी माणसांत तिला तसं रडता आलं नव्हतं.

त्यानंतर ती किल्ली कुणाला देईना. पण गाडी नुसती उभी ठेवूनही भागेना. तळमजल्यावर राहणारे रावतजी गढवालचे, चांगला माणूस. एकदा म्हणाले, "भाभीजी, चलाते रहिए, नहीं तो बैटरी बैठ जाएगी." तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, बॅटरी बसली की काय होतं? "कुछ नहीं, नई लगेगी. घड़ी-वड़ी सब ज़ीरो हो जाती है, बस." त्यांच्या दृष्टीने ते 'बस' होतं. तिच्यासाठी त्या ज़ीरोत ह्यांचा आकडाही होता.

नुसती जागेवर चालू ठेवली तर उभ्या उभ्या पेट्रोल जळतं आणि आकडा पडतो, एवढं तिला इतक्या वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. म्हणजे चालवायला हवी. आणि चालवायची तर ह्यांच्यासारखीच चालवायला हवी. ज्या बाईने फाटकाला गाडीचा कान घासून किल्ली परत केली होती ती एका रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, उशी पाठीशी घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली.  पेडलखाली पापड आहे, ती मनाशी म्हणाली, आणि शांतिपथावर गेली.

पहिल्या दिवशी आकडा हलला नाही. तिला तेवढंही पुष्कळ वाटलं. मग हळूहळू तिला ते जमू लागलं. लांबूनच लाल दिवा हेरायचा. पाय सोडायचा. गाडी कुठवर स्वतःहून जाते ते बघायचं. थांबली की किल्ली फिरवायची, आणि मागचे ओरडले की आरशात न बघता बसायचं. इतकी वर्षं शेजारी बसून ज्या गोष्टींना ती नाक मुरडायची त्या एकेक करून तिच्या पायात उतरत होत्या. इंजिन बंद झालं की रस्त्यावर अचानक पाखरांचा आवाज ऐकू येतो, हे तिला आत्ता कळलं. ह्यांना ते रोज ऐकू येत असणार, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि आपण कणसाकडे बघत असू.

उन्हाळ्यात एका रविवारी पाटीवर साडेबावीस उमटले, तेव्हा ती गाडीत एकटीच टाळी वाजवून बसली. हॉस्पिटलच्या धावेने जे घालवलं होतं ते जवळजवळ भरून आलं होतं. आणि त्याच क्षणी तिच्या मनात ते आलं. तेवीस. ह्यांच्याच टाकीत, ह्यांनीच सुरू केलेल्या डावात. एकदा तेवीस झाले की मग काही का होईना. मग बॅटरी बसो, गाडी विकली जावो, क्वार्टर सुटो. ह्यांचं एक मागणं पुरं झालेलं असेल.

पण ही गोष्ट जितकी साधी तितकीच वाईट होती. आकडा वाढवायला चालवायला लागायचं, आणि चालवलं की टाकी उतरायची. पंपावर जायचं नाही हे तर ठरलेलंच. दुसरं पेट्रोल ओतलं की ती ह्यांची टाकी राहत नाही. काटा जसा जसा खाली झुकत गेला तशी तिची सकाळची झोप उडाली. भाजी आणायला ती पायी जायची, देवळात पायी, बँकेत बसने. रावतजी म्हणायचे, "भाभीजी, गाड़ी होते हुए पैदल?" ती म्हणायची, "सेहत के लिए अच्छा है." अख्ख्या सेक्टरला वाटलं, ॲव्हरेजवाल्या साहेबांची बाई साहेबांच्याही वरताण निघाली. वाटू दे. ती कुणाला काय सांगणार होती, की मी नवऱ्याला थेंबाथेंबाने पुरवून पुरवून वापरतेय?

अनुरागलाही तिने सांगितलं नाही. तो यायचा, जेवायचा, जायचा. त्या सकाळबद्दल दोघांपैकी कोणीच कधी बोललं नाही. एकदा सून संपदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई, हा आता गाडीत गाणीसुद्धा लावत नाही. सिग्नल आला की याचे हात घट्ट होतात." विजयालक्ष्मीला ते लागलं. तिच्या मनात आलं, आपलं तेवीस होऊ दे, मग पोराला पांढऱ्या गाडीत बसवून शांतिपथावर नेईन, आकडा मोठ्याने वाचायला लावीन. बापाचा निकाल मुलाने वाचावा. तेव्हा सगळं सांगीन.

नोव्हेंबर पुन्हा आला. हवा पुन्हा धुरकट, डोळे चुरचुरणारी. वर्षश्राद्ध सोमवारी होतं. त्याच्या आठ दिवस आधी, रविवारी, तिने गाडी आणून लावली तेव्हा पाटीवर बावीस पॉइंट नऊ होते, आणि पेट्रोलचा नारिंगी दिवा लागलेला होता. ती घाबरली नाही. नारिंगी लागल्यावरही बरंच जाते, हे ह्यांचंच वाक्य. अजून एक रविवार. एक शांतिपथ. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तेवीस, म्हणजे ह्यांना पानावर वाढायला याहून काय हवं. आठवडाभर ती मनातल्या मनात तो रस्ता चालवत होती.

शनिवारी दुपारी अनुराग मेट्रोने आला. सोमवारची तयारी करायची म्हणून दोन दिवस राहायला आला होता. त्याची गाडी सर्व्हिसिंगला होती. तिने त्याला जेवायला वाढलं, आणि तो जरा पडला तेव्हा फुलं आणि दर्भ सांगून यायला मलाई मंदिराच्या बाजूला चालत गेली. तिथे ओळखीची एक बाई भेटली, बोलणं लांबलं. परत आली तेव्हा उन्हं कलली होती.

पार्किंगमध्ये पांढऱ्या गाडीची जागा रिकामी होती. चारी बाजूंनी वाळकी पानं पडलेली, आणि मधे गाडीच्या मापाची स्वच्छ चौकोनी जमीन.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. वर जाऊन खुंटीवर किल्ली आहे का बघायची गरज नव्हती. रावतजी म्हणाले, बेटा ले गया, सामान लाने. ती मनातल्या मनात म्हणत होती, हळू चालव रे. काही हरकत नाही, जरा पडेल, साडेबाविसावर आला तरी चालेल. तेवीस नाही झालं तर नाही झालं, ह्यांचा पाय तेवढा राहू दे. फक्त नारिंगी दिव्याकडे बघू नकोस. तुझा बाप सांगायचा, नारिंगीवरही बरंच जाते. पण अनुरागने बापाचं सांगणं कधी ऐकलं होतं, म्हणून आज ऐकेल?

गाडी फाटकातून आत आली. इतकी हळू, इतकी गुळगुळीत, की ती पायरीवरून उठून उभी राहिली. अगदी हेच, भालचंद्र वळणावर जसे पाय सोडून द्यायचे आणि गाडी आपली आपण जागेवर येऊन लागायची, अगदी तशी ती आली. अनुराग उतरला. डोळे लाल झालेले, पण चेहऱ्यावर काहीतरी होतं जे तिने वर्षभर बघितलं नव्हतं.

"आई, ये ना, बस जरा," तो म्हणाला, आणि शेजारचं दार उघडून धरलं.

ती बसली. पाटीकडे तिने बघितलं नाही.

"मी सामान आणायला निघालो," तो सांगू लागला. "मोतीबागेचा सिग्नल आला, आई. तोच. लाल होता. माझे हात थंड पडले. मग मी किल्ली फिरवली. बंद केली गाडी. सगळे मागून हॉर्न देत होते आणि मी बसून राहिलो. आणि मी बोललो त्यांच्याशी. म्हटलं, बाबा, बंद केली बघा." त्याचा आवाज फुटला. "वर्षभर मला एकच ऐकू येतंय. ते शेवटचं बोलले आणि मी त्यांना चूप बसा म्हणालो. त्यांनी ऐकलं ना माझं. पहिल्यांदा ऐकलं त्यांनी माझं, आणि परत बोललेच नाहीत."

विजयालक्ष्मीने त्याचं डोकं आपल्याकडे ओढलं. इतका मोठा बाप्या, पण रडताना पाचवीतल्यासारखाच नाकाने आवाज करत होता. "तू रागावून नव्हतास रे बोलला," ती म्हणाली. "तू त्यांना वाचवायला बघत होतास. त्यांना कळत होतं ते."

"खरं?"

"बिल्कुल. मांडीवर होते ते माझ्या. मला कळणार नाही?"

तो जरा सावरला, बाहीने डोळे पुसले, आणि मग हसला. "आणि अगं, तू ना! दिवा लागलाय पेट्रोलचा, कधीपासून? एक थेंब नव्हता म्हण ना. मी सरळ पंपावर गेलो. फुल्ल केली. बाबांसारखी. अर्धी नाही." त्याने पाटीकडे बोट दाखवलं. "आणि बटण दाबून धरलं. झीरो केलं, आई. त्यांचं ते श्रीगणेशा म्हणालो. पंपवाला हसत होता. मी आता दर वेळी असंच करणार. बघ, पंपापासून इथवर एकोणीस आले. पहिल्याच दिवशी एकोणीस!"

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. शाळेत पहिल्यांदा गणितात चांगले मार्क मिळाले तेव्हा, तो कागद पुढे धरून तो असाच उभा राहिला होता.

तिला विचारायचं होतं, दाबायच्या आधी वाचलास का रे आकडा? पण त्याने वाचला असता तर तो इथे बोलला असता. त्याला निकाल वाचायचा हे आठवलं नव्हतं. त्याच्या लहानपणी ते काम तिच्यावरच यायचं, तो खिडकीबाहेर तोंड करून बसायचा. आता तो बापाकडे आला होता, वर्षभराच्या वाटेने, त्या एका बटणावर बोट ठेवून. तिने एक शब्द काढला असता तर ते बोट त्याला जन्मभर जड झालं असतं. एक ओझं त्याने आत्ता कुठे मोतीबागेच्या सिग्नलला उतरवलं होतं.

"छान केलंस," ती म्हणाली. मग तिला वाटलं, एवढं पुरेसं नाही. "ह्यांचे पहिल्या टाकीला सतराच आले होते. तुझे एकोणीस म्हणजे खूप झाले."

"सच्ची?" अनुराग म्हणाला. "मग मी तेवीस करून दाखवतो, बघ तू. बाबांचं राहून गेलं ना ते."

"हो," विजयालक्ष्मी म्हणाली. "राहून गेलं."

त्याने डिकीतलं सामान काढलं, आणि डिकी रिकामी आहे ना ते पुन्हा एकदा बघितलं. "चल वर, मी चहा टाकतो," तो म्हणाला. ती म्हणाली, तू हो पुढे, मी आलेच. तो जिना चढून गेला, हलक्या पावलांनी, एकेक पायरी गाळत.

ती सरकून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट त्याने मागे सरकवली होती, तिचा पाय पेडलला पोचेना. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, भरल्या टाकीच्या जोमाने लागलं, आणि पाटी उजळली. एकोणीस. तिथे आणखी काही नव्हतं. पेट्रोल कुठलं तरी परकं, आणि पाय पोराचा.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बावीस पॉइंट नऊ झालं होतं हो. उद्या तेवीस होणार होतं."

हे सांगायला जगात आता दुसरं कुणी नव्हतं. गाडी जागच्या जागी घुरघुरत राहिली. वरून गॅलरीतून अनुरागने हाक मारली, "आई, किती वेळ? उभी गाडी चालू ठेवलीयस तू! पेट्रोल जातंय ना!"

"हो रे, बंद करते," विजयालक्ष्मी म्हणाली, आणि तिने किल्ली फिरवली.